जोडीनं रोम, काही महिन्यांनंतर: पाण्याला दहापैकी दहा

कोलोसियमच्या तिकिटांचे पैसे गेल्या आठवड्यात एकदाचे खात्यात जमा झाले, म्हणून आता लिहायला बसले. जून 2025 मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको रोमला जाऊन आलो. आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळा संताप त्या तिकिटांवरच निघाला असता आणि शहराबद्दल धड काही सांगून झालं नसतं. काय काय बघायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या इथे देत नाही.

आधी तिकिटांचं सांगते. कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर भेटीच्या तीस दिवस आधी सुटतात. साधं तिकीट 18 युरो, त्यावर तुमचं नाव छापलेलं असतं आणि दारात पासपोर्ट बघतात. आम्ही घड्याळ लावून बसलो होतो, तरी आमच्या तारखेची तिकिटं डोळ्यांदेखत संपली. मग एका मधल्या कंपनीच्या साइटवरून जवळपास तिप्पट दरानं घेतली. पैसे लगेच कापले गेले. आदल्या रात्री झोपताना निरोप आला की तिकिटं उपलब्ध झाली नाहीत, बुकिंग रद्द, रक्कम काही दिवसांत परत मिळेल. पुढे महिने गेले. आधी म्हणाले बँकेकडे अडकलंय, मग म्हणाले पैशांऐवजी कूपन घ्या. लातूरला बसून मी रोमचं कूपन कुठे वापरणार होते? शेवटी कार्डाच्या बँकेत लेखी तक्रार केली, रद्द झाल्याचा मेसेज पुरावा म्हणून जोडला, पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा पैसे आले. तुमच्यावर ही वेळ आली तर कंपनीशी वाद घालत बसू नका, पहिल्याच आठवड्यात बँकेकडे जा. नंतर वाचनात आलं की एप्रिल 2025 मध्येच बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या इटलीच्या सरकारी यंत्रणेनं या प्रकारावर कारवाई केली होती. सॉफ्टवेअर लावून तिकिटं भराभर उचलणाऱ्या काही कंपन्यांना आणि पूर्वी तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला मिळून 2 कोटी युरोंच्या आसपास दंड केला. म्हणजे त्रास झालेले आम्ही काही एकटे नव्हतो.

तर कोलोसियम आम्ही बाहेरूनच पाहिलं. शेजारच्या फोरमचं (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडीचं वेगळं तिकीट मिळालं, ते आतून मनसोक्त पाहिलं. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट कोलोसियमच्या मेट्रो स्टेशनबाहेर भेटली. तिथे पाणीपुरवठा कंपनीचं एक यंत्र उभं आहे. बटण दाबा, थंड पाणी, फुकट. शेजारचं बटण दाबा, सोडा घातल्यासारखं बुडबुड्यांचं पाणी, तेही फुकट. चार पावलांवर अर्ध्या लिटरची बाटली दोन-दोन, तीन-तीन युरोंना विकायला होती. युरो शंभर रुपयांच्या घरात धरा आणि जूनच्या उन्हात दोन माणसांना दिवसभरात किती बाटल्या लागतील ते मोजा. हजार रुपये नुसते पाण्यावर सहज जातात. आमचा एक रुपया गेला नाही.

यंत्रं मोजक्या ठिकाणी आहेत, पण रोमच्या रस्त्यांवरचे बिडाचे नळ मात्र जिथे तिथे आहेत. त्यांना नाझोने म्हणतात. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा गोल खांब, शंभर किलोंच्या आसपास वजन, एक वाकडी तोटी आणि खाली जाळी. 1874 पासून बसवायला सुरुवात झाली, आज शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. या तोटीला वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालून बोटानं तोटीचं तोंड दाबलं की पाणी त्या भोकातून कमान करून वर उसळतं आणि वाकून थेट तोंडात घेता येतं. हे यांना एका फळवाल्या आजीबाईंनी दाखवलं, एकही सामाईक शब्द नसताना, नुसत्या हातवाऱ्यांनी. त्या तिथेच पीच धूत होत्या. भर दुपारी दोनला ते पाणी इतकं गार होतं की दात शिवशिवले.

आता माझ्या रागाचं सांगते, कारण सुरुवातीला मला या नळांचा आनंद झालाच नाही. पाणी अखंड वाहतं. रात्री जेवून परतताना सुनसान गल्लीत एकही माणूस नाही आणि नळ आपला वाहतोय. यांनी वाकून, चष्मा सावरून, तो बंद कुठे होतो ते शोधलं. बंद करायला काही नव्हतंच. आम्ही लातूरचे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं, टाक्यांवर पाणी भरताना भांडणं होतील म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आलं होतं. ती गाडी पोचल्यावर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या घरात अजूनही भांडी विसळलेलं पाणी झाडांना जातं आणि नळ येण्याच्या दिवशी बाहेरगावी जायचं असलं तर शेजारी किल्ली ठेवतो. अशा माणसांना वाहता नळ बघवत नाही. पहिल्या दिवसाच्या टिपणांत मी चक्क लिहून ठेवलं होतं की या शहराला पाण्याची किंमत नाही.

ते मत टिकलं नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला मी विचारलंच. तिनं जे सांगितलं ते घरी आल्यावर वाचून ताडून पाहिलं. पाणी सतत वाहतं म्हणून नळाच्या नळीत साचून राहत नाही, तापत नाही, ताजं राहतं. शहराचं बरंचसं पाणी रिएतीजवळच्या पेस्कीएरा झऱ्यांचं, तेच घरांत आणि तेच रस्त्यावर. 2017 मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला, शहराला पाणी देणाऱ्या ब्राच्चानो तळ्याची पातळी घसरली आणि जुलैपासून हे नळ टप्प्याटप्प्यानं बंद करायला घेतले, तेव्हा लोकांनी जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की शहराच्या एकूण पाण्यात या नळांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, खरी नासाडी जमिनीखालच्या फुटक्या जलवाहिन्यांत, आणि त्या गळतीपोटी रस्त्यावरच्या बेघर माणसाचं पाणी का तोडता? हे मला पटलं. आपल्याकडेही टँकरचा हिशेब गावभर होतो, पण गळक्या पाइपाचा हिशेब कोणी मागत नाही. वाहत्या नळाकडे बघून अजूनही पोटात कालवतं, पण टिपणातलं ते वाक्य मी खोडलं.

मग आमची सगळी भटकंतीच पाण्याच्या मागानं झाली. ट्रेव्हीच्या कारंज्याला येणारं पाणी अग्रिप्पा या रोमन सेनापतीनं इसवी सनापूर्वी 19 मध्ये आणलेल्या कालव्याचं. अनेकदा दुरुस्त होऊन तो आजही चालू आहे. स्पॅनिश पायऱ्यांच्या पायथ्याशी नावेच्या आकाराचं जे कारंजं आहे तेही याच पाण्यावर चालतं. तिथे दाब कमी म्हणून ते जमिनीच्या खाली खोलगट बांधलंय, उंच उडत नाही. हे कळल्यावर आम्ही तिथे बराच वेळ रेंगाळलो. पायऱ्यांवर मात्र बसू नका, 2019 पासून मनाई आहे, शिट्टी वाजवून उठवतात आणि दंडही करतात. ट्रेव्हीच्या बाजूला एक छोटी धार आहे, दोन तोट्यांचं पाणी एकमेकांना ओलांडून पडतं, जोडप्यानं मिळून प्यायलं की साथ सुटत नाही म्हणे. मी म्हटलं, “अहो, या की.” हे म्हणाले, “अगं, गर्दी बघ किती!” पण आले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस गर्दीतून वाट काढत आपल्यासाठी येतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. ट्रेव्हीच्या हौदापाशी खाली उतरायला फेब्रुवारी 2026 पासून पर्यटकांना 2 युरो तिकीट लावलंय, आम्ही गेलो तेव्हा नव्हतं.

एक सावधगिरी. एखाद्या नळावर किंवा कारंज्यावर “नॉन पोताबिले” अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही. बाकी रस्त्यांवरच्या नळांचं बिनधास्त प्या, आम्हाला दोघांनाही काही झालं नाही. पाणी जड आहे, खोलीतल्या किटलीत पांढरा थर धरायचा, पण बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांना त्याचं काय?

एवढं पाणी पोटात गेल्यावर पुढचा प्रश्न येतोच आणि तिथे रोम नापास. सार्वजनिक स्वच्छतागृहं फार कमी, असतील ती पैसे घेणारी, आणि बायकांची रांग लांबच लांब. आम्ही शोधलेला मार्ग असा: कॉफीच्या बारमध्ये जायचं, काउंटरपाशी उभं राहूनच एस्प्रेसो घ्यायची, साधारण सव्वा-दीड युरो पडते, आणि तिथलं स्वच्छतागृह वापरायचं. टेबलावर बसलात की त्याच कॉफीचे दुपटीहून जास्त लागू शकतात. मधुमेह असेल, वारंवार जावं लागत असेल तर दिवसाची आखणी याच हिशेबानं करा. म्युझियममधून बाहेर पडण्याआधी जाऊन यायचंच.

राहणं, फिरणं, खाणं थोडक्यात. आम्ही तेर्मिनी स्टेशनजवळ तीन तारे हॉटेलात राहिलो. खोलीभाड्याव्यतिरिक्त शहराचा कर माणशी रात्री 6 युरो, तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नव्हता, जागेवर भरावा लागला. बस-मेट्रोचं तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं. जुन्या शहराच्या पोटात मेट्रो नाही, त्यामुळे पँथिऑन हे प्राचीन मंदिर, नाव्होना चौक हा भाग पायीच. रस्ते काळ्या दगडी चौकोनांचे, चप्पल-सँडलचं काम नाही, जाड तळाचे बूटच हवेत. पँथिऑनला आम्ही गेलो तेव्हा 5 युरो लागले आणि ते वसूल झाले. घुमटाच्या उघड्या भोकातून येणारं ऊन भिंतीवर सरकताना बघत आम्ही खांबाला टेकून उभे होतो. सेंट पीटर चर्चच्या घुमटाला 551 पायऱ्या, लिफ्टचं तिकीट घेतलं तरी 320 उरतात. यांचे गुडघे बघता मी एकटी वर गेले, हे खाली चौकाच्या कडेला सावलीत बसले, तिथेही प्यायचं पाणी होतं.

शाकाहारी असाल तर उपाशी राहत नाही. वजनावर कापून देतात तो पिझ्झा स्वस्त आणि पोटभर. पेकोरिनो चीज कोकराच्या जठरातलं विरजण घालून करतात, ज्यांना चालत नाही त्यांनी काचो ए पेपे (हे चीज आणि मिरी घातलेला पास्ता) टाळा. तेर्मिनीजवळच्या एस्क्विलीनो बाजारात डाळी, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, सगळं मिळतं.

आमचे व्याही याच सुमारास एका ग्रुप टूरबरोबर जाऊन आले. त्यांची बस नळांशेजारून गेली आणि ते बसच्या ड्रायव्हरकडून पाण्याच्या बाटल्या विकत घेत राहिले, कारण कोणी सांगितलंच नाही. म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. दोघांत एक लिटरची स्टीलची बाटली पुरते, दोन नेल्या तर ओझं होतं. विमानतळावर सुरक्षा तपासणीआधी ती रिकामी करा. पाणीपुरवठा कंपनीचं मोफत अॅप आहे, त्यात जवळचा नळ नकाशावर दिसतो. ते इथूनच, घरच्या वायफायवर उतरवून घ्या.