खोताच्या वाडीत टेप घेऊन दोन दिवस (साडेतीन स्टार)

जानेवारीत जुन्या घरांचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे मापं घेऊन आहे तसं ड्रॉइंग काढणं, शिकवणारं वर्कशॉप केलं, गिरगावात, खोताच्या वाडीत. शनिवार-रविवार, फी अडीच हजार, त्यात चहा आणि एक दिवस वडापाव. आयोजकांचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे आणि माणसं तशी चांगली होती. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, बँकेत आहे, लहानपण जवळच्याच चाळीत गेलं म्हणून हौस.

वाटलं होतं हेरिटेज वॉकच असणार, फोटो काढा, वा वा म्हणा, घरी जा. पण माहिती अर्ध्या तासात आटपली, म्हणजे दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना इथले प्लॉट विकले म्हणून हे नाव, मुंबईत हेरिटेजचे नियम 1995 साली आले, त्यात ग्रेड एकच्या, म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या इमारतींना जवळजवळ हातच लावायचा नाही आणि ग्रेड तीनला बरीच मोकळीक, एवढं सांगून सरांनी डायरेक्ट टेप आणि पेन्सिल हातात दिली. पेन नाही, घामाचा थेंब पडला की आकडा गेला.

आमच्या चौघांच्या वाट्याला एका घराचा व्हरांडा आला. खांब ते खांब पाच मापं घेतली, बेरीज केली, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम टेप लावला तर नऊ सेंटिमीटरचा फरक! सर नुसते हसले. दर वेळी टेप उचलला की थोडी चूक होते आणि ती साठत जाते, म्हणून झीरो एका कोपऱ्यात धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पुढे चालत आकडे वाचत जायचं. आणि खोलीचे कर्ण मोजायचेच, कारण जुन्या घराचा कोपरा काटकोनात असेल हे कुणी सांगितलं? लेझर मीटरही दिला होता पण उन्हात त्याचा ठिपकाच दिसेना, शेवटी टेपच कामाला आला.

सगळ्यात मजा आली कठड्याच्या कातीव फळ्यांना. कागद लावून पेन्सिलीने घासलं की नक्षी जशीच्या तशी उतरते. एक फळी बाकीच्यांपेक्षा जाडीभरडी, नक्षीही वाकडी, मी म्हटलं सगळ्या सारख्याच दाखवू ना ड्रॉइंगमध्ये. तर घरातल्या आंटी आतून ओरडल्या, "ए बाळा, ती माझ्या सासऱ्यांनी घरी करवतीने कापलीय, ती तशीच काढ." सरही तेच म्हणाले, आहे तसं काढायचं, सुधारायचं नाही. आता कुठल्याही जुन्या घरासमोर उभा राहिलो की आधी वेगळी फळी शोधतो, बायको वैतागलीय.

आता तक्रारी. परवानगी एकाच घराची होती, पण आमच्यातले दोघं शेजारच्या खिडक्यांत कॅमेरा घालत होते आणि आयोजक बघत उभे. एका काकांनी झापलं, बरोबरच केलं, लोक राहतात तिथे, म्युझियम नाही ते.

दुसरं, गिरगावात येऊन चाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केशवजी नाईक चाळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, 1893 पासूनचा सार्वजनिक गणपती तिथला, पण चाळ फोटोत छान दिसत नाही ना! तासभर तरी एखाद्या चाळीचा कॉमन पॅसेज मोजायला लावला असता तर मी पाच स्टार दिले असते.

आणि ड्रॉइंग पंधरा दिवसांत मिळणार होतं, एक कॉपी आंटींना पण. मार्च आला, दोन मेल केले, "काम चालू आहे" एवढंच उत्तर. मी माझ्या कच्च्या स्केचची झेरॉक्स काढून आंटींना नेऊन दिली, त्यांनी आधी ती फळी बघितली आणि मग चष्मा लावून बाकीचं.

जाणार असाल तर चर्नी रोडला उतरून चालत जा, गाडी आणू नका, गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी ट्रॅफिक जॅम होतो. आणि टेप स्वतःचा न्या, त्यांच्या टेपचे पहिले दोन सेंटिमीटर पुसलेले होते.