पुस्तक जाळायचं, अडवायचं की लिपीत दडवायचं?

बंदी घातलेली पुस्तकं आणि ताब्यात ठेवलेलं ज्ञान यांवर काळ्या भविष्याची कादंबरी लिहायला बसलात, की आधी राजवट ठरवावी लागते. ती पुस्तकं जाळते, परवानगीत अडकवते, की पुस्तकं जपणारेच ती लपवतात? मराठवाड्यात तिन्हींचे धागे सापडतात.

आग

सगळ्यांना आधी हीच सुचते आणि पहिली चूकही इथेच होते. बांधीव जाड ग्रंथ आगीत टाकला तर भर्रकन पेटत नाही. पानं घट्ट मिटलेली असतात, आत हवा जात नाही. कडा करपतात, मधला मजकूर वाचता येण्याजोगा उरतो. जाळणाऱ्याला आधी पुस्तक उसवावं लागतं. पोथीची पानं सुटी, ती चटकन जातात; पण सुटी म्हणूनच दहा घरांत वाटून लपवताही येतात. पोथी विहिरीत लपवणार असाल तर शाई बघा. काजळ आणि डिंकाची कच्ची शाई पाण्यात फिसकटते, लाखेची पक्की शाई टिकते.

खरी गंमत आग विझल्यावर. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची, म्हणजे चक्रधरस्वामींच्या गद्य चरित्राची, मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला, असं चक्रधरांच्या महानुभाव पंथाची परंपरा सांगते. त्याचे वेगवेगळे पाठ त्यातूनच आले. गद्य पाठ केलं की शब्द सरकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ओवीत यमक चुकलं की कानाला लगेच खटकतं. म्हणून तुमची पात्रं ग्रंथ तोंडपाठ करून वाचवणार असतील, तर तो गद्य की पद्य हे आधी ठरवा. ज्ञानेश्वरी सुमारे ९००० ओव्यांची. २० जणांत वाटली तर वाट्याला साडेचारशे. जमण्यासारखं आहे. त्यातले दोघं मेले तर? आणि दोघांचं पाठांतर जुळलं नाही तर खरं कुणाचं? पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. तसा माणूस तुमच्या कथेत सत्तेचा नोकर निघाला तर अख्खी कादंबरी उभी राहते.

परवानगी

आमचा कौल हिला. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी घरातल्या पोराला वरच्या वर्गात जायचं तर आधी दुसरी भाषा ओलांडायची. पुस्तकाला हात न लावता ज्ञान असं अडतं. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ हे सरकारी परिपत्रक होतंच: आधी परवानगी काढा. 'मराठवाडा' साप्ताहिक राज्याबाहेर, पुण्यात निघायचं आणि बंदी आली की नाव बदलून पुन्हा यायचं. कादंबरीकाराला अशी पळवाट हवीच असते, कारण प्रत्येक नव्या नावासोबत नवं प्रकरण मिळतं.

या राजवटीत खलनायक म्हणजे कारकून. तो अर्ज फेटाळत नाही, फेटाळला तर अपील होईल. तो 'चौकशीसाठी' ठेवून घेतो. एक नोंदवही, एक शिक्का आणि दोन महिने न हललेला कागद एवढ्यावर दहशत उभी राहते. धोका एकच: लेखक नियमांच्या प्रेमात पडतो. पहिल्या वीस पानांत तीन नियम पुरेत, चौथा कुणीतरी मोडताना दाखवा.

लिपी

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद ठेवले. इथे कुलूप लावणारे ग्रंथावर जीव टाकणारेच, म्हणून नैतिक पेच सगळ्यात अवघड. पण नुसती अक्षरांची अदलाबदल कराल तर चाणाक्ष वाचक ती दहा मिनिटांत फोडेल. 'आणि' पानापानावर येतो, शब्दांच्या शेवटी 'ला' आणि 'चा' सारखे येतात, आणि मात्रा जशाच्या तशा ठेवल्यात तर निम्मं काम तुम्हीच करून दिलंत. कोष्टक एकदाच करा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

सव्वाशे पानांची लघुकादंबरी असेल तर आग घ्या. ती लांबवली की प्रसंग पुन्हा पुन्हा तेच होतात. तीनशेच्या पुढे जायचं असेल तर परवानगी. लिपीवर एकटीवर अख्खं पुस्तक पेलत नाही, दोन्हींपैकी कशातही ती उपकथानक म्हणून बसते: कारकुनाच्या नोंदवहीत एक ओळ कुणालाच वाचता येत नाही, इथून सुरुवात करून बघा.