ग्रानाडाची नेग्रा आणि माझे 83,450 रुपये

जाहिरातीवरून स्पेनची गिटार घ्यायला गेलो आणि फसलो, एकूण 83,450 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला अकरा दिवस लागले.

मी पुण्यात बारा वर्षं क्लासिकल गिटार वाजवतोय. मध्ये फ्लॅमेंकोचं, म्हणजे दक्षिण स्पेनच्या संगीताचं, वेड लागलं आणि हातातली गिटार अपुरी पडायला लागली. दोन्ही वाजवणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असेल. क्लासिकलच्या तारा उंच, बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) जाड तारेखाली साधारण 4 मिलिमीटर. फ्लॅमेंकोला 3च्या आसपास हवं, नाहीतर पिकादो, म्हणजे दोन बोटांनी आळीपाळीने जलद सूर, वाजवताना हात भरून येतो. टॉपवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, बोटाने गोल्पे (ठोके) मारायचे तर वर गोल्पेआदोर, म्हणजे संरक्षक पत्रा, चिकटवलेला लागतो, नाहीतर पॉलिशवर चरे पडतात. माझ्या गिटारवर पडलेत. उलट ब्लांका, म्हणजे सायप्रस लाकडाची पिवळी फ्लॅमेंको गिटार घेतली, तर बुलेरियास हा फ्लॅमेंकोचा जलद प्रकार झणझणीत वाजतो, पण बाख वाजवायला बसलं की सूर धरून ठेवता येत नाही, लगेच विरतो. दोन्ही निभावून नेणारी म्हणजे नेग्रा: टॉप स्प्रूस लाकडाचा, पाठ आणि बाजू शिसवी, बांधणी फ्लॅमेंकोची. पुण्यात चार दुकानं फिरलो, एकातही ती हातात घेऊन बघायला मिळाली नाही. म्हणून जाहिरातीकडे वळलो. हौस म्हणून नाही.

जाहिरात होती, ‘ग्रानाडात हाताने बनवलेली नेग्रा, दोन वर्षं वापरलेली, 1,10,000’. विकणारा मराठी बोलत होता. मूळचा नाशिकचा, तिकडे शिकायला आहे, परत येतोय, सामान कमी करतोय, असं म्हणाला. कार्यशाळा कुठे विचारलं तर ग्रानाडातल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याकडे चढणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेस रस्त्याचं नाव त्याने अचूक सांगितलं. तिथे गिटार बनवणारे बसतात हे खरं आहे. पण ते नाव नेटवर कुणालाही दोन मिनिटांत सापडतं. तेव्हा मला ते पुराव्यासारखं वाटलं.

आणि आता ते फोटो. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. समोरच्या फोटोत डोक्याला तारा ताणायच्या लाकडी खुंट्या होत्या, जुन्या फ्लॅमेंको गिटारला असतात तशा. पाठीच्या फोटोत त्याच डोक्यावर धातूच्या चाव्या. मी ‘आजचा फोटो टाका’ म्हटलं तेव्हा आलेल्या तिसऱ्या फोटोत बाजू पिवळी होती. सायप्रस! शिसवी काळपट तपकिरी असते हे मला झोपेतही सांगता येईल. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “दादा, इकडचं ऊन तसं आहे, पिवळं दिसतं.” मी फोटो मोठा करून पुन्हा पाहिला आणि ‘बरोबर आहे’ असं लिहिलं. उन्हाने खुंट्यांच्या चाव्या होत नाहीत. तीन फोटोंत किमान दोन वेगळ्या गिटारी होत्या, आणि ते ओळखण्याइतकं शिक्षण माझ्याकडे होतं. पण मला ती गिटार हवी होती. त्या क्षणी थांबलो असतो तर एक रुपयाही गेला नसता.

त्याच रात्री 25,000 आगाऊ. मग कुरिअरचे 8,500. मग आलं साइटिसच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याचं पत्र, त्यावर शिक्का, 18,750. शिसवी लाकडावर 2017 साली निर्बंध आले होते हे मी वाचलं होतं, म्हणून पटलं. अर्धवट वाचल्याचा हा परिणाम. तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर 2019पासून सूट आहे. ब्राझीलच्या रोजवुडचं वेगळं, त्यावर 1992पासून कडक बंधनं आहेत. पण नेग्राला सहसा वापरतात ते शिसवी आपल्याच देशातलं! शेवटी ‘मुंबई कस्टम्समध्ये अडकलीय’ म्हणून 31,200, तेही एका बाईच्या नावाच्या खात्यात. कस्टम्सची ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर कधीच भरायची नसते. हे मी माझ्या आईला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “गिटार? एक लाखाची?” दुसरा, “खातं परराज्यातलं आहे, इथे कसं घेणार?” मग म्हणाले, सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यात जा. तीन फेऱ्या, दोन अर्धे दिवस रजा, आणि हातात फक्त अर्जाची पोच. हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली तक्रार, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, कायद्यात तसं लिहिलंय. हे मला चौथ्या फेरीआधी एका वकील मित्राने सांगितलं, तेव्हा नोंद झाली. बँकेचं एकच पालुपद: “पिन तुम्हीच टाकलात ना, सर?” हो, मीच टाकला. म्हणून समोरचं खातं गोठवायला साधा मेलही पुढे पाठवायचा नाही? मॅनेजर जेवायला गेलेत, उद्या या, फॉर्म बदललाय, पुन्हा भरा. मी चोर असल्यासारखं ते माझ्याशी बोलत होते.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्याच तासात करायचा. मी लाजेने पाचव्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

महागडी गिटार घेताना व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवायला सांगा, आतलं लेबल आणि तुमचं नाव लिहिलेला कागद एकाच चौकटीत मागा. बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून उंची दाखवायला लावा. खरा वाजवणारा हे आनंदाने करतो. आणि खुंट्या ताडून बघा, सगळ्या फोटोंत.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, आता 95,000 ला, गाव वेगळं. फोटो तेच तीन. तिसऱ्यात बाजू पिवळी आहे.