नाना पेठेतलं डिझेल पार्ट्सचं दुकान : फिल्टर घरी बदलणाऱ्यांनी इथूनच घ्यावा

क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलं की गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यातल्या एका आतल्या गल्लीत, शटरवर नुसतं ‘डिझेल पार्ट्स’ असं रंगवलेलं एक जुनं, अरुंद दुकान आहे. माझ्या बोलेरोचा डिझेल फिल्टर मी इथूनच घेते आणि धनकवडीत आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतः बदलते. हे काम स्वतःच्या हाताने करायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी फिल्टर घरपोच मागवण्याऐवजी एकदा इथे जावं असं मला मनापासून वाटतं. इथे नुसता फिल्टर हातात टेकवत नाहीत. काम पुरं होईल एवढं सगळं सामान देतात, आणि जे घरी करू नये त्याला सरळ नाही म्हणतात.

काउंटरवरच्या दादांचा पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, इंजिन अडीच लिटरचं की दीडचं?” बोलेरो म्हटली की सगळ्यांना एकच गाडी वाटते. पण जुन्या लांब बोलेरोत २५२३ सीसीचं इंजिन, २०१६ साली आलेल्या पॉवर प्लसमध्ये १४९३ सीसीचं, आणि २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर पुन्हा बदल. दोन फिल्टर शेजारी ठेवले तर सारखे दिसतील, पण आटे, रबर रिंगचा व्यास, डिझेलमधलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरची जागा यांत फरक असू शकतो. त्यामुळे आरसी किंवा जुन्या फिल्टरवरचा नंबर पाहिल्याशिवाय दादा फळीवरून खोकं काढतच नाहीत. काढलं की तुमच्यासमोर उघडून रिंग खोबणीत बसवून दाखवतात. दुसऱ्या एका ठिकाणाहून मी मागवलेल्या फिल्टरची रिंग खोबणीत बसतच नव्हती, खोक्यावरचा होलोग्राम मात्र अगदी खऱ्यासारखा होता. तेव्हापासून ही उघडून दाखवायची पद्धत मला फार मोलाची वाटते.

खोक्याबरोबर ते न मागता आणखी काय पुढे ठेवतात ते सांगते: बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) तांब्याचे नवे वॉशर, स्क्रूच्या दोन क्लिपा आणि हातभर डिझेलचा होज. “लागलं नाही तर परत आणा,” म्हणतात, आणि आणलं तर खरंच परत घेतात. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तितका घट्ट बसत नाही. क्लिपांचं महत्त्व त्याहून जास्त आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढीच्या बाजूला क्लिप सैल राहिली तर डिझेल ठिबकेलच असं नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. रात्री गाडी ठीक असते आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते. अशा वेळी लोक इंजेक्टरपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खर्च करून येतात. आणि होज डिझेलचाच हवा. पाण्याचा साधा रबरी पाइप डिझेलने फुगतो आणि तडकतो.

एकदा माझ्यासमोर एक तरुण पेट्रोल गाडीचा फिल्टर मागायला आला होता. त्याच्या गाडीचा फिल्टर टाकीच्या आत, पंपाबरोबर. दादांनी त्याला माल विकला नाही, गॅरेजमध्ये जा म्हणाले. गिऱ्हाईक हातचं गेलं, पण सल्ला बरोबर होता. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाइनमध्ये साधारण ३ बार दाब असतो, तो आधी उतरवावा लागतो, आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेटू शकते. डिझेलसाठी आपल्याकडच्या मानकात हा आकडा किमान ३५ अंश आहे. म्हणून डिझेल तुलनेने सुरक्षित, पण पुण्यात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला जातो आणि बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं, हे विसरू नका.

म्हणून मी हे काम इंजिन पूर्ण निवल्यावर, उघड्यावर करते. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. कोरड्या पावडरचा आयएसआय खुणेचा अग्निशामक हाताशी हवाच. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतायचं नाही. उजेडाला एलईडी टॉर्च, कारण काचेचा दिवा फुटला की ठिणगी पडते. हातात नायट्राइलचे मोजे. फिल्टरखालच्या ड्रेनमधून डिझेल आधी पारदर्शक बाटलीत उतरवते. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. भोरकडच्या आमच्या गावाला पावसाळाभर ये-जा असते, त्यामुळे हा थर मी नेहमी बघते. बेल्टच्या पान्याने जुना फिल्टर सैल करायचा, नव्याच्या रिंगला स्वच्छ डिझेलचं बोट फिरवायचं, आणि रिंग टेकल्यावर फिल्टरवर छापलं असेल तेवढंच हाताने आवळायचं. पान्याने आवळू नका.

नवा फिल्टर डिझेलने भरून लावावा असं अनेक जण सांगतात. दादांनी मला कॉमन रेल गाडीसाठी (जिच्यात रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) हे करायला मनाई केली, आणि कारणही सांगितलं: मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल गाळलं न जाता थेट पुढे जातं, आणि इंजेक्टरच्या आतली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. त्यापेक्षा वरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून एअर काढावी. गाडी सुरू झाल्यावर गळती पाहायला पुठ्ठा धरा, बोट कधीच लावू नका. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, बारीक धार कातडी भेदून आत शिरते. छिद्र सुईएवढं दिसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

तक्रारी दोन आहेत. पाण्याच्या सेन्सरची ओरिंग सुटी मिळत नाही, पूर्ण सेन्सर घ्यावा लागतो. आणि इथून घेतलेला बेल्टचा पाना तेलकट हाताने घसरतो. हत्यार चांगलं हवं असेल तर दुसरीकडून घ्या. किंमत छापीलपेक्षा थोडी कमी लावतात, बिल न मागता देतात.

जुना फिल्टर आणि उतरवलेलं डिझेल घंटागाडीत किंवा गटारात टाकू नका. दुकानाच्या मागे त्यासाठी पिंप आहे, झाकण घट्ट लावून नेलं की ते ठेवून घेतात. चारचाकी लावायला गल्लीत जागा नाही, दुचाकीवर किंवा बसने जा, आणि शनिवारी संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गाठा; तेव्हा दादांना नीट बोलायला वेळ असतो.