घुबडांचा ओव्हरऑल: आठ महिन्यांनंतर, आणि बहुतेक सगळं त्या एका पट्टीबद्दल

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीला फोर्स्कूलातून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, आणायला गेलो, तर तिचा उजवा मोजा पिळला असता तर पाणी निघालं असतं इतका ओला होता. डावा कोरडा होता. ओव्हरऑल (कपड्यांवरून घालायचा, पाणी न शिरणारा अखंड पोशाख) आतून कोरडा, बूट धडधाकट. घरी येऊन पाहिलं तर उजव्या पायाच्या टाचेखालून जाणारी रबरी पट्टी एका टोकाला तुटून लोंबत होती. दहा-बारा सेंटीमीटरची पट्टी. ती गेली की चालताना पायाची कड बुटावर चढते, मधे फट पडते आणि त्या फटीतून बाहेरचं सगळं आत जातं. ओव्हरऑल १,८९९ क्रोनरचा, म्हणजे साधारण सोळा हजार रुपये. आमच्या घरात एवढ्या किमतीचा लहान मुलाचा कपडा आजवर आला नव्हता.

हा अनुभव मी खरं तर नोव्हेंबरमध्येच लिहायला घेतला होता आणि तेव्हा तो नुसत्या कौतुकाचा होता. तो मजकूर काढून टाकत नाही, कारण त्यातलं बरंचसं मला आजही पटतं.

आम्ही स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला राहतो. उत्तरेकडे किरुनाला हिवाळा कोरडा असतो, तिथला बर्फ कपड्यावरून झटकला की पडतो. इथे पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी दोन्हींचा काला, ज्याला इथे स्लास्क म्हणतात. साडेतीन वर्षांची मुलं त्यात रोज दोनदा बाहेर खेळतात, बसतात, लोळतात. त्यामुळे इथे ऊब मिळवणं सोपं असतं, कोरडं राहणं अवघड.

ओव्हरऑल एका छोट्या युरोपियन डिझायनर लेबलचा आहे, गेल्या वर्षीच्या पानगळ-हिवाळा कलेक्शनमधला. लेबलचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही. हिरव्या रंगावर तपकिरी घुबडं आहेत. व्हिडिओ कॉलवर आईने पाहिला आणि म्हणाली, "अरे, घुबड कशाला लेकराच्या अंगावर?" मला मात्र तो पाहताक्षणी आवडला होता. घुबडं गोंडस काढलेली नाहीत. प्रत्येकाचं तोंड वेगळं आहे, एकाचा डोळा मिटलेला आहे, आणि लेकीने पहिल्याच दिवशी ते हुडकून त्याचं नाव "झोपाळू" ठेवलं. शिलाईच्या दोन्ही बाजूंना नक्षी जुळवलेली आहे, घुबड मधोमध कापलं गेलेलं नाही. अशी जुळवणी करताना कापड जास्त वाया जातं, म्हणून स्वस्त कपड्यांत ती सहसा दिसत नाही. किमतीतला काही भाग तरी इथे गेला हे दिसतं.

नक्षीचा एक उपयोग दुकानात लक्षात आला नव्हता. फोर्स्कूलाच्या खुंट्यांवर वीसेक ओव्हरऑल टांगलेले असतात, त्यातले बरेचसे निळे नाहीतर काळे. माझ्या लेकीला वाचता येत नाही, पण झोपाळू ओळखता येतो. ऑक्टोबरपासून ती स्वतः जाऊन स्वतःचा ओव्हरऑल काढते, जमिनीवर पसरते, आत बसते आणि चेन ओढते. सप्टेंबरमध्ये ती दारात रडायची. पहिलं श्रेय अर्थात तिथल्या शिक्षिकांचं आहे, पण थोडं मी घुबडांनाही देतो.

१०,००० मिलिमीटरचा वॉटर कॉलम (कापड पाण्याचा किती दाब झेलतं त्याचं माप), पाणी शिरू नये म्हणून आतून टेप लावलेल्या शिलाया हे लेबलवर लिहिलेलं असतंच. ते सगळं चोख निघालं. टोपी टिचबटणांनी लावलेली आहे, घसरगुंडीत अडकली तर सुटून येते. टोपीला आणि गळ्याला नाडी नाही, कारण सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत तिथे नाडी नको असं ईएन १४६८२ हे युरोपियन मानक सांगतं. भारतातून आणलेल्या तिच्या जॅकेटच्या टोपीला नाडी होती, ती मी हे वाचल्यावर उपसून काढली. रिफ्लेक्टर मात्र फार छोटे आहेत. डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो, तेव्हा गडद हिरवा रंग रस्त्यावर दिसत नाही. वरून रिफ्लेक्टरचा पिवळा बनियन घालावाच लागला.

आता पट्टी. इथे तिला फूत-रेसोर म्हणतात. चांगल्या ओव्हरऑलमध्ये ती बटणावर अडकवलेली असते. आत कडेला दोन बटणं आणि पट्टीला काज, तुटली की नवी लावायची. आमच्यात ती शिवून टाकलेली होती. शिवाय पट्टीवरही घुबडाची छोटी पावलं छापलेली! सुंदर दिसायची, आणि खडीवर घासून महिन्याभरात ती पावलं उडाली. ज्या वस्तूवर मूल दिवसभर उभं राहणार तिच्यावर चित्र काढायचं आणि ती बदलता मात्र येऊ द्यायची नाही, हा निर्णय घेणाऱ्याने फोर्स्कूलाचं अंगण पाहिलं नसावं. इथे हिवाळ्यात घसरू नये म्हणून फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती वसंतात झाडून नेईपर्यंत प्रत्येक पावलागणिक पट्टी तिच्यावर घासली जाते.

दुकानाला मेल केला. त्यांनी फोटो मागितला, पाठवला. उत्तर आलं की ही वापरातली झीज आहे, तरी लेबलला विचारून पाहा. लेबलने सांगितलं, दुकानाला विचारा. इथे एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: स्वीडनच्या ग्राहक खरेदी कायद्यानुसार तक्रारीचा हक्क तीन वर्षांचा आहे आणि जबाबदारी विकणाऱ्याची असते, बनवणाऱ्याकडे बोट दाखवून दुकानाला सुटता येत नाही. १ मे २०२२ पासूनच्या नव्या कायद्यात तर पहिल्या दोन वर्षांत दिसलेला दोष मुळातलाच धरला जातो, तसं नाही हे दाखवायचं काम दुकानाचं. मी हे लिहून पाठवलं. त्यावर नऊ दिवसांनी उत्तर आलं की त्या सीझनचं काही शिल्लक नाही, पट्ट्याही नाहीत, पुढच्या कलेक्शनवर वीस टक्के सूट देऊ.

ते वाचून मी खरोखर चिडलो. मला पुढचं कलेक्शन नको होतं, पट्टी हवी होती. आणि बाहेर जानेवारी होता! दुकानाच्या काचेत मात्र सुती फ्रॉक आणि चेरी छापलेल्या टोप्या लागल्या होत्या.

राग ओसरल्यावर हे असं का होतं ते समजून घेतलं. हे कपडे वर्षातून दोनदा, आधीच्या मागणीवर बनतात. फ्लॉरेन्सला १९७५ पासून पित्ती बिंबो हे मुलांच्या कपड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, जानेवारीत आणि जूनमध्ये. जानेवारीत तिथे मांडलेले असतात ते येत्या पानगळीचे कपडे. दुकानं तेव्हा मागणी नोंदवतात, छोटी लेबलं साधारण तेवढंच कापड छापून घेतात, माल ऑगस्टमध्ये दुकानात येतो आणि नाताळानंतरच्या सेलमध्ये उरलंसुरलं निघून जातं. म्हणजे माझी पट्टी तुटली तेव्हा त्यांच्या हिशेबात तो हिवाळा संपलेला होता. आमच्या अंगणातला संपायला अजून अडीच महिने होते. नक्षी दरवर्षी बदला, माझी काही हरकत नाही, तोच तर आनंद आहे. पण पट्टी, टिचबटण, चेनची ओढणी या गोष्टींना सीझन कशाला? फिनलंडच्या मारिमेक्को कंपनीची तासाराइता ही पट्ट्यापट्ट्यांची नक्षी आन्निका रिमालाने १९६८ मध्ये काढली, मुलांचे कपडे करणाऱ्या स्वीडिश पोलार्न ओ. पिरेतचे पट्टे १९७६ चे, दोन्ही आजही मिळतात. चित्रसुद्धा इतकी वर्षं टिकवता येतं, तर साधी रबरी पट्टी का नाही?

इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. इथले आकार मुलाच्या उंचीवर असतात. लेक तेव्हा ९९ सेंटीमीटर होती आणि मी १०४ ऐवजी थेट ११० घेतला. आपल्याकडे कपडे वाढत्या अंगाचेच घेतात, आणि एवढे पैसे मोजल्यावर दोन हिवाळे काढायचे हे मी दुकानात शिरतानाच ठरवलं होतं. पण ओव्हरऑलचे पाय लांब पडले, पट्टी टाचेखाली ताणून बसण्याऐवजी सैल लोंबली आणि बुटाच्या टाचेमागे खडीवर फरफटत राहिली. तिथल्या एका शिक्षिकेने हे मला नोव्हेंबरमध्येच दाखवलं होतं, मी मनावर घेतलं नाही. तेव्हा झिजेतला काही वाटा माझा आहे. शिवून टाकलेली पट्टी हा दोष तरी लेबलचाच.

त्याच शिक्षिकेने उपायही सांगितला. कापडाच्या दुकानात काज पाडलेलं इलॅस्टिक मीटरवर मिळतं, एका मीटरला मी २५ क्रोनर दिले. तुटकी पट्टी उसवली, आतल्या बाजूला कडेच्या दुमडीत दोन चपटी बटणं लावली. कापड जाड आहे, साधी सुई वाकते, जीन्सची सुई आणि अंगुस्ताना घ्या. सुई फक्त खालच्या दुमडीतच घाला, वर गेलात तर पाणी अडवणाऱ्या आतल्या थराला भोक पडेल आणि तिथून पाणी शिरेल. अर्धा तास लागला. आता काज बदलून पट्टी हवी तेवढी आवळता येते, म्हणजे ११० चा ओव्हरऑल १०४ सारखा बसतो. लेकीने विचारलं की यावर घुबडाचे पाय का नाहीत. मार्करने काढून दिले, दोन दिवसांत गेले, पुन्हा काढले.

मार्चच्या मध्याला डावी, कंपनीची पट्टीही तुटली. उजवी, २५ क्रोनरवाली, तशीच होती. या वेळी मी दुकानाला दोन्ही पायांचा एकत्र फोटो पाठवला आणि लिहिलं की नाही म्हणत असाल तर आल्मेना रेक्लामाहूनस्नेम्देनकडे जातो. हे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं मंडळ आहे. त्याचा निर्णय शिफारस म्हणूनच येतो, पण लेखी येतो. चार दिवसांत ३५० क्रोनर परत आले, आणि सोबत दुकानातल्या कुणीतरी लिहिलेला, छापील नसलेला मजकूर: तुमचा फोटो लेबलकडे पाठवला आहे, बटणं आम्हालाही पटली. त्या दोन ओळींनी माझा बराचसा राग गेला. पैशांपेक्षा त्या मला मोलाच्या वाटल्या.

धुण्याचं थोडक्यात. चाळीस अंशांवर धुवा, चेन लावून. सॉफ्टनर अजिबात नको, त्याने पाणी झटकणारा लेप निकामी होतो. धुतल्यावर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा, उष्णतेने तो लेप पुन्हा जागा होतो. फेब्रुवारीत पाणी थेंब न होता कापडात पसरायला लागलं तेव्हा मला वाटलं ओव्हरऑल संपला. ड्रायरमधून काढल्यावर थेंब पुन्हा टपटप घरंगळले.

पुन्हा घेईन का? पूर्ण किमतीला नाही. सेलमध्ये घेईन, आणि तेव्हाही आधी पायाच्या कडेत बोट घालून बटण आहे का ते चाचपडेन. दुकानात घरातल्या सगळ्यांनी घुबडांकडे पाहिलं, पट्टीकडे कुणीच पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये धुऊन, वाळवून ठेवण्याआधी लेकीला तो शेवटचा घालून उभी केली. आता १०३ सेंटीमीटर आहे. उजवीकडे तिसऱ्या काजावर, डावीकडेही तिसऱ्यावर पट्टी टाचेखाली ताठ बसते. अजून दोन काजं शिल्लक आहेत. चार जादा बटणं पिशवीत घालून खिशात ठेवली आहेत.