परसात लावलेला चार जणांचा तंबू

बेळगावच्या गणपत गल्लीतील एका दुकानातून घेतलेला घुमटाकार तंबू आम्ही डिसेंबरमध्ये खानापूरच्या घरामागील परसात, फणसाच्या फांद्यांपासून दूर, दोन रात्री लावला. दोन लवचिक काठ्या तिरक्या ओवून त्यांची टोके कोपऱ्यांत बसवली की तो उभा राहतो. हे काम मुलांनीच केले, याचा मला फार आनंद झाला. मात्र सोबतच्या बारीक खुंट्या आमच्या जांभ्याच्या जमिनीत शिरेनात, वाकल्याच. शेवटी लोहाराकडून वीतभर लोखंडी खुंट्या घडवून आणाव्या लागल्या, आणि या भागातील ग्राहकांसाठी दुकानदाराने तशा खुंट्या आधीच ठेवायला हव्यात. शिवण पक्की आहे. चार जणांचा दावा मात्र पटत नाही, कारण आम्ही दोघे, दोन मुले आणि घोंगडी एवढ्यात कूस बदलायलाही जागा उरली नाही. पहिल्या रात्री थंडीमुळे सर्व झडपा बंद ठेवल्या, तेव्हा श्वासातील बाष्प गार कापडावर साचून पहाटे अंथरुणे ओलसर झाली. दुसऱ्या रात्री वरची जाळी उघडी ठेवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. शेगडी मात्र कितीही गारठा असला तरी आत नेऊ नये, कारण कोळशाचा विषारी वायू बंद जागेत जीवघेणा ठरतो.