आयग्रोथ ज्वारी: गवतावर उपाय, पण जपून
मुंबईस्थित यूपीएल समूहातील अ‍ॅडव्हान्टा कंपनीने अमेरिकेत 2021 मध्ये आणलेले आयग्रोथ हे संकरित ज्वारीचे बियाणे तिथल्या ज्वारी उत्पादकांची जुनी अडचण बऱ्याच अंशी दूर करते. ज्वारी स्वतःच गवतवर्गीय असल्यामुळे, पीक उगवून आल्यावर त्यातील गवत मारणारे आणि ज्वारीला इजा न करणारे तणनाशक मिळणे आजवर कठीणच होते. उत्परिवर्तनातून मिळालेल्या, म्हणजे बाहेरचे जनुक न घालता आलेल्या, गुणामुळे आयग्रोथ ज्वारी इमाझामॉक्स हे तणनाशक सहन करते. तणांमध्ये अमिनो आम्ले तयार करणारे जे विकर (एन्झाइम) हे औषध बंद पाडते, ते या ज्वारीत चालू राहते. नरवंध्य (सक्षम पराग न देणारी), तिचे संवर्धन करणारी आणि पुनःस्थापक (संकरात पराग देण्याची क्षमता परत आणणारी) अशा तीन ओळींवर, म्हणजे शुद्ध वाणांवर, उभ्या असलेल्या संकर पद्धतीत असा गुण चांगल्या ओळींमध्ये उतरवणे हे पैदासकाराचे चिकाटीचे काम असते, आणि त्याची दाद द्यायलाच हवी.

तरीही माझे समाधान अर्धेच आहे. कॅन्ससमधील पामर अमॅरन्थ, म्हणजे आपल्या राजगिऱ्याचा भाऊबंद, इमाझामॉक्सच्या गटातील औषधांना फार पूर्वीच सरावला आहे, त्यामुळे पेरणीच्या वेळचे तणनाशक टाळता येत नाही. त्याहून गंभीर धोका शॅटरकेन या रानटी ज्वारीचा आहे, कारण तिचा पिकाशी सहज संकर होऊन हाच गुण तणात जाऊ शकतो. ती ज्या शेतात किंवा बांधावर आहे, तिथे हे बियाणे घेऊ नये.